दगडातल्या बायकांना ओळखणारी तातियाना

आमच्या बचत गटाच्या नोंदवहीत एक रकाना असतो, ‘सभासदाचे पूर्ण नाव’. नवीन गट सुरू करताना हा रकाना भरायला जेवढा वेळ लागतो, तेवढा पैशांच्या हिशेबालाही लागत नाही. कुणी अमक्याची आई असते, कुणी तमक्याची मालकीण, कुणी नुसतीच वरच्या आळीची काकी. परवा एका सत्तरीच्या आजींना नाव विचारलं, तर त्यांनी आधी मुलाचं नाव सांगितलं, मग आढेवेढे घेत नवऱ्याचं. स्वतःचं सांगताना इतक्या लाजल्या की बोलता सोय नाही. शेजारी बसलेली सून हसायला लागली. पण सासूचं माहेरचं नाव तिलाही ठाऊक नव्हतं!

त्या दिवशी घरी येताना मला सारखी आठवत होती तातियाना प्रॉस्कुरियाकॉफ. नाव जिभेवर बसायला जरा जड आहे, पण तिची गोष्ट आपल्या फार जवळची आहे. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीच्या राण्या दगडावर कोरलेल्या होत्या, त्यांची नावंही शेजारीच कोरलेली होती, आणि तरीही जगातले बरेच विद्वान त्यांना पुरुष समजत होते. त्या बायका आहेत हे तातियानाने दाखवून दिलं, आणि तेही एका बोटभर चिन्हाच्या आधारावर.

तातियानाचा जन्म १९०९ सालचा, सैबेरियातल्या तोम्स्क शहरातला. वडील रसायनशास्त्रातले जाणकार आणि आई डॉक्टर. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बाई डॉक्टर होणं म्हणजे काय, हे आनंदीबाई जोशींची गोष्ट माहीत असलेल्या आपल्याला वेगळं सांगायला नको. पहिलं महायुद्ध चालू असताना रशियाच्या झारने तिच्या वडिलांना अमेरिकेत तयार होणाऱ्या दारूगोळ्यावर देखरेख करायला पाठवलं. बायको आणि दोन लहान मुलीही तिकडे गेल्या. थोड्या दिवसांची पाहुणी मंडळी म्हणून गेलेलं हे घर १९१७ साली रशियात क्रांती झाली आणि कायमचं तिकडचंच झालं. फिलाडेल्फियाच्या परिसरात तातियाना वाढली. घरात रशियन, बाहेर इंग्रजी.

तिचा हात चित्रकलेत चांगला होता. तिने वास्तुशास्त्र घेतलं आणि १९३० साली पेनसिल्व्हेनिया स्टेट कॉलेजातून पदवी मिळवली. पण वेळ कशी होती पाहा. नुकतीच महामंदी सुरू झाली होती. नवी घरं बांधायलाच कुणाकडे पैसा नव्हता, मग घरांचे नकाशे काढणाऱ्या मुलीला काम कोण देणार? काही दिवस तिने एका मोठ्या दुकानात विक्रीचं काम केलं. मग भरतकामाच्या व्यवसायात नमुने काढून द्यायचं काम मिळालं. वास्तुविशारद व्हायला निघालेली मुलगी उशांवरच्या आणि बैठकीवरच्या भरतकामासाठी वेलबुट्ट्या काढायला लागली!

आपल्यापैकी किती जणींना हे ओळखीचं वाटेल. शिकलो एक, करायला लागलं दुसरंच. पण कधी कधी ते दुसरंच आपल्याला आपल्या खऱ्या कामापाशी नेऊन सोडतं. नवीन नमुने शोधायला ती पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयात जायला लागली. तिथल्या जुन्या वस्तूंची चित्रं काढता काढता संग्रहालयासाठीही रेखाटनं करून द्यायला लागली. ती चित्रं लिंटन सॅटरथ्वेट या पुरातत्त्वज्ञांच्या नजरेत भरली. त्यांची तुकडी ग्वाटेमालाच्या जंगलात उत्खनन करत होती. त्यांना अवशेषांची मापं घेऊन नीट नकाशे काढणारं माणूस हवं होतं. पगार देण्याइतके पैसे नव्हते, जाण्यायेण्याचा खर्च तेवढा मिळणार होता. १९३६ साली सत्तावीस वर्षांची तातियाना निघाली.

ती गेली त्या जागेचं नाव पिएद्रास नेग्रास, म्हणजे काळे दगड. उसुमासिन्ता नावाच्या मोठ्या नदीच्या काठावर, घनदाट झाडीत बुडालेलं माया लोकांचं एक शहर. माया लोक म्हणजे आजच्या मेक्सिकोचा दक्षिण भाग, ग्वाटेमाला, बेलीझ आणि होंडुरास या पट्ट्यातले. त्यांचे वंशज आजही लाखोंच्या संख्येने तिथेच राहतात, माया भाषा बोलतात, मका पिकवतात. इसवी सन २५० ते ९०० या काळात त्यांची शहरं भरभराटीला आली होती. उंच पायऱ्यांची देवळं, राजवाडे, आणि चौकाचौकांत उभे केलेले पुरुषभर किंवा त्याहून उंच कोरीव शिलास्तंभ. पुढे ती शहरं ओस पडली आणि जंगलाने गिळून टाकली.

तातियानाच्या डोळ्यांपुढे होते ढासळलेले ढिगारे. पण वास्तुशास्त्र शिकलेली असल्यामुळे पडक्या भिंतीवरून मूळ भिंत कुठवर असेल, छप्पर कसं असेल, हे तिला मांडता येत होतं. तिने मापं घेतली आणि पिएद्रास नेग्रासचा टेकडीवरचा राजवाडा पूर्वी कसा दिसत असेल त्याचं चित्र काढलं. ते पाहून सिल्व्हेनस मॉर्ली हे त्या काळातले मोठे माया अभ्यासक इतके खूश झाले की त्यांनी पैशांची तजवीज करून १९३९ साली तिला होंडुरासमधल्या कोपानला पाठवलं. मग ती मेक्सिकोतल्या चिचेन इत्सालाही गेली. पुढे वॉशिंग्टनच्या कार्नेजी संस्थेत तिला नोकरी मिळाली. १९४६ साली माया वास्तूंच्या तिच्या चित्रांचा संग्रह प्रसिद्ध झाला आणि चार वर्षांनी माया शिल्पांवरचा अभ्यासग्रंथ. पुरातत्त्वातली कुठलीही मोठी पदवी तिच्याकडे नव्हती. होती ती नजर आणि चिकाटी.

शिल्पांवरच्या या कामात तिला एक सवय लागली. कुठलंही शिल्प पाहायचं तर आधी त्यातली प्रत्येक लहानसहान गोष्ट टिपून घ्यायची. कानातलं कसं आहे, कमरपट्टा कसा आहे, पायात काय आहे, पिसं कुठल्या बाजूला झुकली आहेत. अर्थ मागाहून. ही सवय पुढे फार उपयोगी पडली.

आता इथे माया लिपीबद्दल थोडं सांगायला हवं. घाबरू नका, आपल्याला ही लिपी समजायला इंग्रजांपेक्षा सोपी आहे! कारण ती पुष्कळशी आपल्या बाराखडीसारखी चालते. त्यातली काही चिन्हं आख्ख्या शब्दाची असतात. उदाहरणार्थ, जग्वार हा वाघासारखा प्राणी. त्यांच्या भाषेत तो बालाम. नुसतं जग्वारचं डोकं काढलं की झालं, बालाम. पण हाच शब्द बा-ला-मा अशी तीन अक्षरं काढूनही लिहिता येतो. शेवटच्या ‘मा’मधला स्वर बोलायचा नाही. आपण नाही का ‘राम’ लिहितो तेव्हा शेवटचा अ खाऊन टाकत? तसंच.

ही अक्षरं आली कुठून, हे तर फारच गमतीचं आहे. आपण मुलांना शिकवतो ना, ग गणपतीचा, क कमळाचा. त्यांच्या काही अक्षरांचा जन्मच तसा झालेला आहे. माशाला त्यांच्या एका भाषेत काय म्हणतात. त्यातला ‘का’ घेतला आणि माशाचं चित्र झालं ‘का’ हे अक्षर. काही ठिकाणी लिपिकार पूर्ण मासा काढतो, डोळा, तोंड, पर सगळं. काही ठिकाणी नुसता पर काढतो, आणि तो दिसतो अगदी फणीसारखा. अक्षर तेच, रूपं दोन. त्यांच्या राजेलोकांचं आवडतं पेय ज्यापासून व्हायचं तो काकाव, म्हणजे आपण ज्याला कोको म्हणतो तो. पेल्यांवर हा शब्द का-का-वा असा लिहिलेला असतो. कधी कधी दोनदा ‘का’ काढण्याऐवजी एकाच ‘का’पुढे दोन टिंबं देतात, म्हणजे हे अक्षर दोनदा म्हणा. भजनाच्या वहीत आपण ओळीपुढे कंसात २ लिहितो, तशी युक्ती! त्या लिपिकारांना एकच अक्षर पुन्हा पुन्हा त्याच रूपात काढायचा कंटाळा असावा. एकाच अक्षराला दोन-दोन, तीन-तीन चेहरे. त्यामुळे पुढच्यांची मात्र पंचाईत झाली.

कारण ही लिपी वाचणारं कुणी उरलं नव्हतं. स्पॅनिश लोक आले, आणि १५६२ साली दिएगो दे लांदा या धर्मगुरूने माया लोकांच्या पोथ्यांची होळी केली. त्याच लांदाने नंतर माया अक्षरांची एक अर्धवट यादी लिहून ठेवली. नशिबाचा खेळ पाहा, जाळणाऱ्यानेच किल्लीही ठेवली. पण ती किल्ली कुलपाला लागते हे कळायला चारशे वर्षं गेली.

तातियाना काम करत होती तेव्हा माया अभ्यासात एरिक थॉम्पसन यांचा शब्द शेवटचा मानला जाई. विद्वान माणूस, त्यात वाद नाही. त्यांचं मत असं की या शिलालेखांत माणसांचा इतिहास नाहीच. आहे ते फक्त काळाचं गणित, ग्रहतारे आणि देव. माया लोक म्हणजे आकाशाकडे बघत बसणारे शांत पुरोहित. त्यामुळे शिल्पांतल्या आकृती देवांच्या नाहीतर पुरोहितांच्या. ज्या आकृतींच्या अंगात पायघोळ झगे होते, ते तर पुरोहितच, असं अनेकांनी धरून टाकलं होतं. झगेवाल्या आकृती बायकांच्या असतील, हा विचार त्या काळात मागे पडला होता.

१९५८ साली कार्नेजी संस्थेने आपला पुरातत्त्व विभाग बंद केला आणि तातियाना हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयात काम करू लागली. याच सुमाराला तिने पिएद्रास नेग्रासचे जुने कागद पुन्हा पुढ्यात घेतले. तारखा वाचता येत होत्या, तेवढंच अभ्यासकांना साधलं होतं. तिने शिलास्तंभ देवळांपुढच्या गटांप्रमाणे लावले आणि तारखांचा तक्ता केला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की प्रत्येक गटातला पहिला स्तंभ सारखाच आहे. वर कोनाड्यात एक माणूस बसलाय, खाली शिडी टेकवलीय आणि तिच्यावर वर चढत गेलेली पावलं उमटलीत. त्यानंतर साधारण दर पाच वर्षांनी एक स्तंभ. आणि एका गटातल्या सगळ्या तारखा मिळून साठेक वर्षांपलीकडे जात नाहीत.

साठ वर्षं! देवाला साठ वर्षांची मुदत कशाला? ग्रहताऱ्यांना कशाला? साठ वर्षं म्हणजे माणसाचं आयुष्य. कोनाड्यात बसलेला तो नुकताच गादीवर आलेला राजा. प्रत्येक गटात दोन तारखा महत्त्वाच्या. आधीच्या तारखेशेजारी वर तोंड केलेल्या बेडकाचं डोकं, तो राजाचा जन्म. नंतरच्या तारखेशेजारी फडकं बांधून वर गाठ मारलेलं एक डोकं, तो राज्याभिषेक. दात दुखल्यावर आपण गालाला फडकं बांधतो तसं ते दिसतं, म्हणून अभ्यासकांत त्याचं नाव दातदुखीचं चिन्ह असंच पडलं. म्हणजे हे दगड देवांबद्दल बोलतच नव्हते. ते जन्म, राज्याभिषेक आणि घराण्यांबद्दल बोलत होते.

१९६० साली तिचा हा निबंध प्रसिद्ध झाला. आधी तिने तो थॉम्पसन यांना वाचायला दिला होता. त्यांनी प्रथम साफ नाकारला. पण रात्री घरी नेऊन वाचला आणि दुसऱ्या दिवशी तिचंच बरोबर आहे हे मान्य केलं. आयुष्यभर मांडलेलं मत एका रात्रीत मागे घ्यायलाही मोठं मन लागतं, हे त्यांच्याबद्दलही सांगायला हवं.

आणि आता ते बोटभर चिन्ह. काही नावांच्या आधी एक चेहरा कोरलेला असायचा, बाजूने दिसणारा, कानापुढून केसांची एक बट गालावर आलेली. तातियानाने पाहिलं, हा चेहरा जिथे जिथे येतो तिथे शेजारी पायघोळ कपड्यातली आकृती असते. तो बाईचा चेहरा होता. आपण नावापुढे सौ. किंवा श्रीमती लावतो, तसं हे चिन्ह पुढचं नाव बाईचं आहे असं सांगत होतं. पिएद्रास नेग्रासच्या तिसऱ्या क्रमांकाच्या स्तंभावर आसनावर बसलेली एक व्यक्ती आहे आणि तिला बिलगून एक चिमुकली आकृती. पाठीमागच्या लेखात जन्माचा बेडूक, आणि त्यानंतर गालावर बट आलेला चेहरा. तातियानाने सांगितलं, ही एक आई आहे आणि ही तिची लेक. १९६१ साली तिने माया कलेतल्या स्त्रियांच्या चित्रणावर स्वतंत्र निबंधच लिहिला. तेव्हापासून झगेवाले पुरोहित एकामागून एक राण्या होऊ लागले.

त्या आईचं नाव आज वाचता येतं, काटुन आहाव. तिचा जन्म ६७४ सालचा. ६८६ साली, म्हणजे बाराव्या वर्षी, दुसऱ्या गावातून ती इथल्या युवराजाची वधू म्हणून आली. काही आठवड्यांतच तो राजा झाला. तिची ही लेक जन्मली ७०८ साली, तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. ७११ साली स्तंभ उभा राहिला तेव्हा पोरगी तीन वर्षांची. या तारखा वाचताना माझ्या पोटात कालवाकालव झाली. बाराव्या वर्षी परक्या घरी गेलेल्या मुली आपल्या आजी-पणज्यांत होत्या, आणि गावोगाव फिरताना अजूनही मधूनच एखादी भेटते. पण या बाईच्या जन्माची तारीख दगडात कोरून ठेवावी असं तिच्या माणसांना वाटलं. आमच्या नोंदवहीतल्या निम्म्या बायकांना स्वतःची जन्मतारीख सांगता येत नाही.

नंतर तातियाना याशचिलान या नदीकाठच्याच दुसऱ्या शहराकडे वळली आणि १९६३-६४ साली तिथल्या राजांचा इतिहास मांडला. तिथे दारांच्या चौकटीवर, आपल्याकडे गणेशपट्टी असते त्या जागी, कोरीव पट्ट्या आहेत. त्यातल्या एका पट्टीवर गुडघे टेकून बसलेली राणी काटेरी दोरी आपल्या जिभेतून ओवून घेते आहे. देवांना आणि पूर्वजांना रक्त वाहण्याचा तो विधी, सन ७०९ मधला. वाचूनसुद्धा अंगावर काटा येतो. ही पट्टी आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ती राणी काबाल शोक. आपल्या कानाला ते नाव दुःखाचं वाटेल, पण तिच्या भाषेत शोक म्हणजे शार्क मासा, आणि तिच्या नावात त्या माशाचं डोकं कोरलेलं असतं. त्या आधी अर्थातच गालावर बट आलेली बाई.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. तातियानाला ही चिन्हं बाईची आहेत हे कळलं, पण ती नावं उच्चारता आली नाहीत. चिन्हांचे उच्चार सापडण्याचा रस्ता दाखवला युरी क्नोरोझोव्ह या रशियन तरुणाने. लेनिनग्राडमध्ये बसून १९५२ साली त्याने दाखवलं की लांदाची ती यादी एकेका अक्षराची आहे, बाराखडीसारखी. तातियानाला रशियन येत होतं, त्याचं लिखाण ती मुळातून वाचू शकत होती. तरी तिला त्याची पद्धत मनापासून पटली नाही. पुरावा हातात येईपर्यंत ती पुढचं पाऊल टाकत नसे. त्या सावधपणाने तिला मोठं केलं आणि त्याच सावधपणाने एका दारात थांबवलं.

पुढच्या पिढीने ते दार उघडलं. गालावर बट आलेल्या चेहऱ्याचा उच्चार ‘इश’, म्हणजे बाई किंवा राणीसाहेब, असा ठरला. तोच चेहरा काही लेखांत नुसता ‘ना’ या अक्षरासाठीही येतो. युकातेक माया भाषेत आईला ‘ना’ म्हणतात. का माशाचा, तसा ना आईचा! डेव्हिड स्टुअर्ट या तरुण अभ्यासकाने १९८७ साली अशा दहा अक्षरांचे उच्चार सिद्ध केले आणि लिपिकार एकाच उच्चारासाठी किती वेगवेगळी चिन्हं वापरत ते दाखवून दिलं. त्यानंतर वाचनाला भराभर वेग आला.

तातियाना ते पाहायला नव्हती. तिने लग्न केलं नाही, काम हाच तिचा संसार. १९६२ साली तिला पुरातत्त्वातलं मानाचं किडर पदक मिळालं. गंमत म्हणजे त्या पदकाचं चित्रही पूर्वी तिनेच काढलेलं होतं. १९८४ साली ग्वाटेमाला सरकारने केत्साल हा आपला मोठा सन्मान दिला. अखेरच्या काळात मात्र स्मृतिभ्रंशाने तिला गाठलं. विसरलेल्या बायकांची आठवण जगाला करून देणाऱ्या बाईची स्वतःची आठवण पुसत गेली. ३० ऑगस्ट १९८५ रोजी ती गेली. माया इतिहासावरचं तिचं शेवटचं पुस्तक १९९३ साली, तिच्या मागे प्रसिद्ध झालं.

तिच्या अस्थी बरीच वर्षं तशाच राहिल्या. ग्वाटेमालात यादवी चालू होती आणि पिएद्रास नेग्रासच्या जंगलात बंडखोरांचा वावर होता. यादवी संपल्यावर, १९९८ साली, त्याच डेव्हिड स्टुअर्टने त्या तिथे नेल्या आणि टेकडीवरच्या राजवाड्यात पुरल्या. तोच राजवाडा, ज्याचं चित्र तिने तरुणपणी काढलं होतं, ज्याच्यामुळे भरतकामाचे नमुने काढणारी मुलगी मायांची झाली.

तातियानाने कुठला डोंगर खोदून सोनं काढलं नाही. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असलेला चेहरा तिने नीट पाहिला, एवढंच. आपल्या घरात, आळीत, गावात असे किती चेहरे आपण रोज पाहतो आणि नाव विचारत नाही.

त्या आजींचं नाव मी मागून पुन्हा जाऊन विचारलं. लग्नाआधीचं, आईने ठेवलेलं. सांगताना त्यांचे डोळे भरून आले, कारण साठ वर्षांत ते कुणी विचारलंच नव्हतं. नोंदवहीत त्याला रकाना नाही, म्हणून समासात लिहून ठेवलंय. सुनेने ते दोनदा वाचलं. आज घरी गेल्यावर तुम्हीही एकदा विचारून बघा.